पेपर थांबला, तेव्हा वाचकाचा पत्ता कुणाकडे होता?

आमच्या भागात पेपर टाकणाऱ्या काकांची एक वही आहे. लांबट, दुमडून शर्टाच्या खिशात बसेल अशी, वरून रबरबँड. तिच्यात नावं कमी आणि खुणा जास्त. ‘हिरवं गेट, मटा, रविवारी लोकसत्ता पण’. ‘दुसरा मजला, कुत्रा, सकाळ’. ‘डॉक्टर, दोन, एक इंग्रजी’. ‘आजी, फक्त शनि-रवि’. कुणी गावाला गेलं की त्या ओळीवर पेन्सिलीनं तारखा. महिनाअखेरीला याच वहीवरून बिलं होतात आणि कुणाचे तीन महिने थकलेत तेही यातच सापडतं.

२०२० च्या मार्चमध्ये मी नाशिकला एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत डेस्कवर होतो. त्या आठवड्यात आमच्याकडे बातम्या होत्या, पानं लावायला माणसं होती, गोदामात कागदाची रिळं होती, मशीन ठणठणीत होतं. नव्हती ती ही वही. पुढच्या तीन महिन्यांत मराठी वर्तमानपत्रांचं जे झालं आणि ‘आपण ऑनलाइन गेलो’ असं ज्याला म्हटलं गेलं, त्याचं मूळ माझ्या मते एवढ्याशा गोष्टीत आहे. म्हणून ते प्रकरण सविस्तर मांडतो.

पाडव्याचा अंक

रविवार, २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. मंगळवारी, २४ तारखेला रात्री आठला पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता.

वर्तमानपत्रात काम न केलेल्या माणसाला पाडव्याचं महत्त्व पटकन कळायचं नाही. दसरा, दिवाळी, पाडवा आणि अक्षय्य तृतीया ही आमची सुगी. घर, दुचाकी, सोनं, फ्रीज, सगळ्यांच्या जाहिराती एकदम येतात आणि खरं पहिलं पान गाठायला वाचकाला आधी जाहिरातींची दोन-तीन पानं उलटावी लागतात. पेपरचा छापील दर तेव्हा चार-पाच रुपये होता. तो छापायला लागणारा खर्च त्याहून बराच जास्त, आणि त्या चार-पाच रुपयांतलाही मोठा वाटा एजंट आणि विक्रेत्यापर्यंत जातो. म्हणजे दर अंकामागे तोटा, आणि तो भरून काढायला जाहिरात. त्या पाडव्याला शोरूमला कुलपं होती. पूर्ण पान जाहिरात जिथं धरली होती तिथं आम्ही ‘हात वीस सेकंद धुवा’ असं मोठ्या अक्षरांत लावलं. साहेब म्हणाले, “अजून मोठं कर, जागा भरायची आहे.”

त्यात भीतीची भर पडली. १७ मार्चला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक टिपण आलं होतं. हा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि प्लास्टिक किंवा स्टीलवर दोन-तीन दिवस टिकलेला प्रयोगशाळेत दिसला, असं त्यात होतं. वर्तमानपत्राचा कागद त्या प्रयोगात नव्हताच. पण व्हॉट्सॲपवरून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत येता येता पुठ्ठ्याचा पेपर झाला. गेटवर पाट्या लागल्या: दूधवाला आत, पेपरवाला बाहेर. काही घरांत पेपर दारातच उन्हात वाळत घालायचे, तर काही ठिकाणी त्यावर इस्त्री फिरवायचे. माझ्या सख्ख्या मावशीनं इस्त्री केलेली मी पाहिली आहे, आणि मावशीचा भाचा पेपरात होता.

मुंबईत विक्रेत्यांनी वितरण थांबवलं आणि मार्चच्या त्या शेवटच्या आठवड्यात तिथं काही दिवस पेपर छापलेच गेले नाहीत. आमच्याकडे छपाई सुरू राहिली, पण प्रिंट ऑर्डर, म्हणजे छापायच्या प्रतींचा आकडा, रोज खाली. वितरण विभागातून संध्याकाळी आकडा यायचा आणि तो ऐकून मशीनवरचा फोरमन म्हणायचा, “एवढ्यासाठी शाई तापवायची?”

वर्तमानपत्रांनी आपल्या परीनं लढा दिला. पेपर कसा मानवी हात न लागता छापला जातो, गठ्ठे कसे निर्जंतुक होतात याच्या जाहिराती पहिल्या पानावर आल्या. आता गंमत बघा. पेपर सुरक्षित आहे हे आम्ही पेपरात छापत होतो. ज्यानं पेपर बंद केला होता त्याला ते दिसणार कसं?

मग १८ एप्रिलला राज्य सरकारचा आदेश आला. २० तारखेपासून छपाईला मुभा, घरोघर वितरणाला बंदी. पेपर छापा, दुकानात ठेवा, पण दारात टाकू नका. मराठी पेपर स्टॉलवर कमी आणि दारात जास्त विकला जातो हे मंत्रालयातल्या माणसाला ठाऊक नसावं, किंवा पक्कं ठाऊक असावं. पत्रकार संघटना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेल्या, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. कागदावरून विषाणू पसरतो याला आधार काय, असा प्रश्न तिथं आला. तीन दिवसांत सरकारनं आदेश सुधारला. मुंबई-पुण्याचा भाग आणि प्रतिबंधित क्षेत्रं सोडून इतरत्र मास्क, सॅनिटायझर वापरून पेपर टाकायला परवानगी मिळाली. उरलेल्या ठिकाणी ‘मिशन बिगिन अगेन’मध्ये, म्हणजे टाळेबंदी टप्प्याटप्प्यानं उठवायच्या सरकारी कार्यक्रमात, ७ जूनपासून दारं उघडली.

कागदोपत्री एवढंच घडलं. वर्तमानपत्रांच्या दृष्टीनं खरी घडामोड या दोन-अडीच महिन्यांत, फोनच्या पडद्यावर चालली होती.

पीडीएफ

आमच्याकडे पान लागतं ते असं. बातमीदाराची कॉपी येते, डेस्क ती कापतं, मथळा देतं, मग ऑपरेटर ती पानात ओततो. आठ कॉलमचं पान. टाइप बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा तत्सम, म्हणजे युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या जमान्यातला. पान पक्कं झालं की त्याची पीडीएफ होते आणि ती प्लेटसाठी छापखान्याला सुटते. यालाच आम्ही ‘पान सोडणं’ म्हणतो. रात्री अकराला पान सोडलं की डेस्कचा माणूस मोकळा.

टाळेबंदीत हीच पीडीएफ दुसऱ्या दिशेनंही सुटायला लागली. सोळा पानं एकत्र करायची, आकार लहान करायचा आणि पहाटे व्हॉट्सॲपवर टाकायची. आमचा एक तरुण सहकारी रोज पाचला उठून ते करायचा. तेव्हा व्हॉट्सॲपच्या ग्रुपला २५६ माणसांची मर्यादा होती. म्हणून ‘वाचक १’, ‘वाचक २’ असे ग्रुप झाले, मग बातमीदारांनी आपापल्या तालुक्याचे केले, मग नगरसेवकांनी स्वतःच्या फोटोसकट आमचा अंक आपल्या प्रभागात पाठवायला सुरुवात केली. आठ दिवसांत अंक कुठं कुठं पोचतोय याचा कुणालाच हिशेब राहिला नाही. बैठकीत मात्र आकडे सांगितले जायचे. इतके ग्रुप गुणिले २५६ म्हणजे इतके वाचक. एकच माणूस सात ग्रुपमध्ये असला तर तो सात वाचक.

७ एप्रिलला व्हॉट्सॲपनं अफवा रोखण्यासाठी नियम कडक केला. पाच किंवा त्याहून जास्त वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येईल, आणि त्यावर दोन बाणांची खूण दिसेल. आमचा अंक आता त्या दोन बाणांसह लोकांच्या फोनवर उमटायला लागला. गोमूत्रानं कोरोना बरा होतो हा मेसेज आणि आमचा अंक, दोघांच्या कपाळावर एकच टिळा.

वाचणाऱ्याचं काय होत होतं ते मी घरातच पाहत होतो. वडील डोळ्यांपाशी फोन धरून आठ कॉलमचं पान दोन बोटांनी ताणायचे. एक कॉलम वाचत खाली गेले की पुढचा कॉलम पुन्हा वर जाऊन शोधायचा. तो सापडेपर्यंत वाक्य हरवलेलं. ‘उर्वरित पान ५ वर’ आलं की फोन माझ्या हातात. तिसऱ्या दिवसापासून ते फक्त निधनवार्ता, शब्दकोडं आणि अग्रलेख बघायला लागले. शब्दकोडं मी त्यांना वहीत काढून द्यायचो.

ही पीडीएफ वेबच्या दृष्टीनं मुकी असते, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नाही. त्या पानावर तुम्हाला ‘नाशिक’ दिसतं, पण ते कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी निघते, कारण जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराला घातलेला मुखवटा. शोधयंत्राला त्यात ‘नाशिक’ सापडत नाही. अंध वाचकाचं वाचन-सॉफ्टवेअर ते उच्चारू शकत नाही. बातमीची लिंक पाठवता येत नाही. संकेतस्थळावर टाकायची म्हटली तर कॉपी कन्व्हर्टरमधून काढायची आणि जोडाक्षरं, रफार, पोटफोड्या ष हातानं दुरुस्त करायचा. आमच्या वेबसाइटला दोन माणसं होती. ती मुंबईच्या बातम्या आणि सिनेमाचं बघायची. म्हणजे निफाडच्या बातमीदारानं जीव धोक्यात घालून आणलेली बातमी कागदावर आणि पीडीएफमध्ये होती, इंटरनेटवर नव्हती. माझ्या लेखी ‘ऑनलाइन’ शब्दाची यापेक्षा मोठी थट्टा नाही.

मे उजाडला तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की आपण रोज अख्खा अंक फुकट वाटतोय. देशभर तोच प्रकार होता. ‘दैनिक जागरण’च्या मालकांनी टेलिग्रामवर त्यांचे अंक वाटणाऱ्या चॅनेलविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि २९ मे रोजी न्यायालयानं ती चॅनेलं काढायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला टेलिग्रामला सांगितलं. आमच्याकडेही चौकट आली: ‘ई-पेपरची पीडीएफ परस्पर पाठवणं कायद्यानं गुन्हा आहे.’ त्या दिवशीही पहाटे पाचला आमच्या पोरानं पीडीएफ पाठवली. चौकट त्याच पीडीएफमध्ये होती.

दुपारचा कांदा

सगळंच वाईट घडलं असं नाही. त्या काळात पत्रकार म्हणून जी माणसं खरी बदलली, ती बहुतेक कार्यालयाच्या बाहेरची होती.

आधी बातमीचा दिवस कसा असायचा? सकाळी फेरी, दुपारी पत्रकार परिषद, संध्याकाळी कॉपी, रात्री पान. सगळी घाई रात्री अकरासाठी. टाळेबंदीत ही साखळी तुटली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुक लाइव्हवर थेट बोलायचे. आमचा बातमीदार ते ज्या क्षणी ऐकायचा त्याच क्षणी त्याची आईही स्वयंपाकघरात ऐकायची. जिल्ह्याचा रुग्णांचा आकडा संध्याकाळी आला की पाच मिनिटांत प्रत्येक ग्रुपवर. एप्रिलमध्ये मालेगावातले रुग्ण वाढायला लागले तेव्हा लोक दर तासाला आकडा विचारायचे, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे बारा तासांनी, तोच आकडा आठ कॉलमी मथळ्यात देत होतो. वीस वर्षं मथळे देणाऱ्या माणसाला हे उमजायला वेळ लागतो की आपला मथळा आता इतिहास झाला आहे.

निफाडकडचा आमचा एक तालुका वार्ताहर होता. बातमीमागे मानधन, तेही थकलेलं. त्यानं काय केलं? लासलगावचे कांद्याचे लिलाव तेव्हा कधी सुरू, कधी बंद. आज लिलाव आहेत का, किती गाड्या आत घेणार, उन्हाळ कांद्याला काय भाव फुटला, हे शेतकऱ्याला दुपारी बाराच्या आत कळलं तर उपयोग. दुसऱ्या दिवशीच्या बाजारभावाच्या चौकटीचा उपयोग शून्य, कारण ट्रॅक्टर भरायचा की नाही हे आज ठरतं. हा पठ्ठ्या बाजार समितीत फोन करून, कधी गेटवर उभा राहून, मिनिटभराचा आवाजी मेसेज करायचा. “राम राम मंडळी, आज शुक्रवार...” अशी सुरुवात, मग किमान, कमाल, सरासरी, मग उद्या लिलाव आहे की नाही. शेवटी आमच्या पेपरचं नाव. वाचायचं काही नाही, ताणायचं काही नाही, चष्मा नको. बांधावर बसून ऐकता येईल असं. पंधरवड्यात त्याचे ग्रुप येवला, चांदवड, सिन्नरपर्यंत पसरले. लोक उलट त्यालाच मेसेज पाठवून माहिती द्यायला लागले. पोलिसांनी कुठला रस्ता अडवलाय, द्राक्षाचा व्यापारी कुठल्या गावात पैसे न देता पळाला, किराणा कुठं जादा दरानं. त्यातून त्यानं तीन बातम्या काढल्या ज्या पहिल्या पानावर गेल्या.

आणि निधनवार्ता. हा विषय शहरी माध्यमतज्ज्ञ कधी काढत नाहीत, पण जिल्हा आवृत्तीचा कणा तोच आहे. अंत्ययात्रेला वीसच माणसं, रामकुंडावर दशक्रियेला गर्दी करायची नाही, नातेवाईक मुंबईत नाहीतर दुबईत अडकलेले. गेलेल्या माणसाची बातमी वेळेत कळणं हीच शेवटची भेट. आमच्या कार्यालयात लोक फोन करून सांगायचे, “छापा, पण फोटो काढून आम्हाला पण पाठवा, तिकडे पाठवायचाय.” ती पाच ओळींची बातमी कापून, एकटी, चित्र म्हणून अमेरिकेपर्यंत जायची. त्या महिन्यांत अग्रलेख वाटेत राहिले असतील, निधनवार्ता प्रत्येक पत्त्यावर पोचली.

या दोन गोष्टींतून कार्यालय काय शिकलं? वार्ताहराला विचारणा झाली. आवाजी मेसेज ‘आपल्या उत्पादनात बसत नाहीत’, शिवाय भाव आधी सांगितला तर सकाळी पेपर कोण घेणार? त्याला थांबायला सांगितलं. त्यानं शेवटचं वाक्य काढून टाकलं, ज्यात आमच्या पेपरचं नाव होतं, आणि मेसेज चालू ठेवले. पुढे वर्षभरात तो आमचा राहिला नाही. मानधनाची थकबाकी त्याला मिळाली की नाही, हे मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

वर्गणीदार

आता त्या वहीकडे परत येतो.

६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढला तेव्हा तो वर्गणीवर चालायचा होता. १८८१ साली ‘केसरी’ सुरू झाला तोही गावोगाव टपालानं जायचा. त्या काळच्या पत्राच्या कचेरीत महत्त्वाची वस्तू म्हणजे वर्गणीदारांची यादी. कोण, कुठल्या गावचा, कुणाची वर्गणी संपली, कुणाची थकली. संपादकाला आपला वाचक नावानिशी ठाऊक असायचा आणि वर्गणीची आठवण करून देणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. पुढे दैनिकं वाढली, रोटरी मशीनं आली, पहाटे अंक दारात पडायला हवा झाला. मग एजंट आला, पहाटे गठ्ठे वाटायचं सेंटर आलं, सायकलवरचा पोरगा आला. हिशेब घाऊक झाला. कचेरीला कळायचं ते एवढंच की अमुक एजंटानं इतके गठ्ठे उचलले, इतके परत आले. वाचकाचं नाव कचेरीतल्या यादीतून निघून विक्रेत्याच्या खिशात गेलं. पन्नास-साठ वर्षं त्यात कुणाचंच बिघडलं नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२०२० च्या त्याच वसंतात ‘न्यू यॉर्क टाइम्स’चं काय चाललं होतं ते शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. तिथंही जाहिराती कोसळल्या. पण त्यांनी २०११ च्या मार्चपासून वेबवर वाचायला पैसे मागायला सुरुवात केली होती. आणि त्याआधीपासून घरी येणाऱ्या अंकाचा वर्गणीदार हा कंपनीचा स्वतःचा, पत्त्यासकट, असायचा. त्याला त्यांनी डिजिटल वाचन वर्गणीतच दिलं. २०२० च्या पहिल्या तिमाहीत त्यांचे डिजिटल वर्गणीदार ५ लाख ८७ हजारांनी वाढले, दुसऱ्या तिमाहीत आणखी ६ लाख ६९ हजारांनी, आणि त्या दुसऱ्या तिमाहीत डिजिटलचं उत्पन्न पहिल्यांदा छापील अंकाच्या पुढे गेलं.

ही तुलना करून मराठी पेपरांना झोडपणं सोपं आहे आणि मला ते पटत नाही. जगभर पसरलेला इंग्रजी वाचक आणि जिल्ह्याचा मराठी वाचक यांचा खिसा एक नाही. शिवाय आमच्याकडे पेपरच्या बिलातला काही भाग रद्दीवाला परत देतो. पीडीएफची रद्दी होत नाही. घरटी पाच रुपयांच्या मालाची दिवसाला एक कपभर चहाइतकीही किंमत आम्ही कधी लावली नाही, तर एकाएकी लोकांनी ऑनलाइन पैसे का द्यावेत? हे सगळं मान्य. पण त्यांची आणि आमची स्थिती वेगळी झाली ती पैशाच्याही आधी एका पायरीवर. पेपर थांबला तेव्हा ते आपल्या वाचकाला पत्र पाठवू शकत होते. आम्ही नाशिकच्या एका तरी वाचकाला ‘उद्या अंक येणार नाही’ असं सांगू शकत होतो का? आमच्याकडे त्याचा नंबर नव्हता. जो नंबर होता तो काकांकडे.

आणि काकांनी तो द्यायची तयारी दाखवली होती. मला हे प्रकरण विसरता येत नाही ते त्यामुळे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते मास्क लावून कार्यालयाच्या गेटवर आले. धंदा निम्म्याच्या खाली, मागच्या महिन्याची बिलं वसूल होईनात, पोरं गावाला पळालेली. म्हणाले, “साहेब, सगळ्यांचे नंबर आहेत माझ्याकडे. पीडीएफ मी पाठवतो. ज्याचा पेपर होता त्यालाच. महिन्याचे पैसे मीच गोळा करीन, पूर्ण नाही तर निम्मे तरी देतील, माझ्या तोंडावर नाही म्हणणार नाहीत. तुमचं तुम्ही घ्या, माझं कमिशन मला द्या.” मी त्यांना वितरण विभागात नेलं. तिथं उत्तर मिळालं की पीडीएफ तर सगळ्यांना फुकटच जाते, त्याचे पैसे कसे घेणार? एक जण हसलाही.

हिशेब करून बघा. एका माणसाकडे अडीचशे-तीनशे घरं, प्रत्येकाशी दहा-पंधरा वर्षांची ओळख, दरमहा दारात उभं राहून पैसे घ्यायची सवय. एका शहरात अशी शेकडो माणसं. ज्या ‘वाचक-संबंधा’साठी पुढे कंपन्यांनी सल्लागार नेमले, तो संबंध गेटवर उभा होता आणि कमिशन मागत होता. सगळ्यांनी पैसे दिले असते असं मी म्हणत नाही. दहातल्या दोघांनी दिले असते तरी त्या दोघांची नावं आम्हाला कळली असती. आम्ही विक्रेत्याला वाहतुकीचा खर्च समजत आलो, म्हणून वाहतूक थांबल्यावर तो आम्हाला अनावश्यक वाटला.

नंतर

टाळेबंदी उठली, पेपर परत दारात पडायला लागले, पण सगळ्या दारांत नाही. त्या वर्षी कित्येक ठिकाणी पगार कापले गेले, आवृत्त्या आटल्या, पुरवण्या गायब झाल्या. डिसेंबरमध्ये टाइम्स समूहानं ‘मुंबई मिरर’ हे दैनिक साप्ताहिक करत असल्याचं आणि ‘पुणे मिरर’ बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्या डेस्कवरची चार माणसं कमी झाली. पाचला उठून पीडीएफ करणारा पोरगा पहिला गेला. तो आता एका बांधकाम कंपनीचं समाजमाध्यम सांभाळतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो.

युनिकोडमध्ये पान लावणं पुढे बऱ्याच ठिकाणी आलं, वेबच्या माणसांची संख्या वाढली, बातमी आधी वेबवर आणि मग पानावर असा क्रमही आता नवा राहिलेला नाही. बातमीदार फोनवरच व्हिडिओ कापतो. हे बदल खरे आहेत, मी ते कमी लेखत नाही. पण वाचकाचा पत्ता? सप्टेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपनं भारतात चॅनेल आणली तेव्हा सगळी वर्तमानपत्रं तिकडे धावली. पहिल्या पानावर क्यूआर कोड, ‘आम्हाला फॉलो करा’. चॅनेल चालवणाऱ्याला अनुयायांचा आकडा दिसतो, त्यांचे फोन नंबर दिसत नाहीत. गठ्ठे किती उचलले तेवढंच कळायचं, तसंच हे. फक्त आता एजंट कॅलिफोर्नियात बसतो, आणि तो गेटवर येऊन काही विचारत नाही.

काका अजून पेपर टाकतात. वही तीच, पण बारीक झाली आहे. बऱ्याच ओळींवर आडवी काट आहे. काहींपुढे ‘बंद, पोरगा म्हणतो मोबाइलवर बघा’ असं लिहिलंय. आजींची ओळ पूर्ण खोडलेली आहे आणि बाजूला तारीख. राहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे त्यांनी फोन नंबराचा नवा रकाना आखलाय. महिन्याचं बिल आता ते व्हॉट्सॲपवर पाठवतात, खाली क्यूआर कोड. वसुलीला जिने चढायला लागत नाहीत म्हणून गुडघे बरे आहेत म्हणाले.

मागच्या महिन्याचं माझं बिल आलं त्यावर शेवटी त्यांनी टाइप केलं होतं: ‘तुम्ही ११ ते १३ गावाला होता. ३ दिवसांचे कमी केले आहेत.’ मी गावाला जातोय हे त्यांना सांगितलं नव्हतं.